'होते न जी' म्हणजे किती इंच?

वाचकांची पत्रं आणि चाकाच्या खुर्चीवरून दिलेली उत्तरं

पत्र पहिलं

ताई, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय 34. दोन वर्षांची असताना पोलिओ झाला, दोन्ही पायांत जोर नाही. आधी कॅलिपर आणि कुबड्यांवर चालायची, आता खांदे दुखतात म्हणून चार वर्षांपासून व्हीलचेअर वापरते. ग्रामपंचायतीत संगणकावर काम करते. येत्या फेब्रुवारीत लग्नाला दहा वर्षं होतात. मुंबईहून जहाजाने गोव्याला जाऊन यावं असं यजमानांच्या मनात आहे. समुद्र मी अजून एकदाही पाहिला नाही. एका एजंटला विचारलं तर म्हणाला, "होते न जी, काही टेन्शन घेऊ नका." सासूबाई म्हणतात, "पाय नाही धड अन् जहाज पाह्यजे." जहाजात खुर्ची फिरते का? खोलीत, बाथरूममध्ये जाते का? आणि बुडण्याची भीती वाटते, हेही लिहूनच टाकते.

उत्तर

वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढी आहेस, म्हणून 'तू'च म्हणते.

आधी सासूबाईंचं. त्यांना म्हणावं, पाय धड असते तर चालतच गेले असते, जहाज कशाला मागितलं असतं! हसल्या तर बरं, नाही हसल्या तर येताना त्यांच्यासाठी काजू आण.

आता तो एजंट. आपल्याकडे 'होते न जी' हे माणूस लबाडीने म्हणत नाही, समोरच्याला बरं वाटावं म्हणून म्हणतो. त्यामुळेच आपण जास्त फसतो. मी आर्वीकडची. 1998 साली कापसाच्या बंडीवरून पडले आणि कणा मोडला, तेव्हापासून कमरेखाली काही कळत नाही. पहिल्यांदा मुंबई–गोवा जहाजाने जायचं ठरलं तेव्हा मीही असंच एका ओळखीच्या एजंटला विचारलं होतं. तोही म्हणाला, होते न जी. त्याने स्वस्तातली, खिडकी नसलेली आतली खोली काढून दिली. जहाजाचं दार किती रुंद हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि माझी खुर्ची किती रुंद हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे निम्मी चूक माझीच.

रात्री जेवून खोलीशी आलो. आमच्या ह्यांनी खुर्ची दारात घातली तर दोन्ही बाजूंच्या, हाताने चाक फिरवायच्या रिंगा चौकटीला घासून गच्च बसल्या, घराच्या दारात कापसाचं गाठोडं अडकावं तशा. पुढे जाईना, मागे येईना. हे म्हणाले, "थांब, जराशी वाकडी करतो." वाकडी केल्याने दार थोडंच रुंद होतं? शेवटी ह्यांनी मला उचलून पलंगावर ठेवलं. खुर्ची मिटून आत घेतल्यावर दोन पलंगांमध्ये पाय ठेवायलाही जागा उरली नाही. बाथरूमला पोलादी उंबरठा, चांगला चार बोटं उंच. पाणी बाहेर येऊ नये म्हणून तो असतो हे मला नंतर कळलं. खोली साफ करणाऱ्या पोराने बिचाऱ्याने कुठून तरी प्लास्टिकचं स्टूल आणून दिलं, पण त्या स्टुलावर बसायला तोल लागतो आणि तोच माझ्याकडे नाही. दोन रात्री समोर गरम पाण्याचा नळ असून मी ओल्या टॉवेलने अंग पुसून काढलं.

घरी आल्यावर पहिलं काम काय केलं सांगू? आमच्या ओट्याला उताराची फळी करून देणाऱ्या वाढईला बोलावलं आणि त्याच्या टेपने खुर्ची मोजून घेतली. एका रिंगेच्या बाहेरच्या कडेपासून दुसरीच्या बाहेरच्या कडेपर्यंत साडेपंचवीस इंच! सीट अठरा इंचाची, म्हणून खुर्ची अठरा इंचाची असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते.

तेव्हा आजच टेप घे. खुर्चीची रुंदी, लांबी (पाय ठेवायच्या पट्ट्यांसकट), बसायची उंची आणि मिटल्यावरची जाडी, हे चार आकडे वहीत लिहून ठेव. मग एजंटला बाजूला ठेवून जहाज कंपनीलाच फोन कर आणि व्हीलचेअरची खोली आहे का ते विचार. बऱ्याच जहाजांवर साध्या खोलीचं दार 22 ते 24 इंचांच्या आसपास असतं, व्हीलचेअरच्या खोलीचं साधारण 32 इंच. अशा खोल्या सगळ्या जहाजावर मोजक्याच असतात, आणि त्या पहिल्या संपतात. फेब्रुवारीला जायचं तर दिवाळीआधी विचारलेलं बरं. फोनवर 'हो' मिळालं की तेवढ्यावर थांबू नकोस. खोलीच्या दाराचा आकडा, बाथरूमच्या दाराचा आकडा, उंबरठा आहे की सपाट, नळाखाली भिंतीला बसायची घडीची पाटी आणि धरायला दांडे आहेत का, पलंग जमिनीपासून किती उंच, खुर्ची जागच्या जागी वळवायला पाच फुटांचा मोकळा गोल आहे का, हे सगळं लिहून मागव. त्यांनी टेप लावून फोटो पाठवला तर सोन्याहून पिवळं. मागायला लाजू नकोस. आपण घरची म्हैस घेतानाही दात मोजतो.

एक गोष्ट तुझ्या यजमानांना आधीच वाचून दाखव. जहाजावरची माणसं मदतीची असतात, पण उचलणं, अंघोळ घालणं, कपडे बदलणं हे त्यांच्या कामात येत नाही. कंपन्या तसं आधीच लिहून देतात, आणि स्वतःचं स्वतः होत नसेल तर सोबत माणूस हवाच म्हणतात. जहाजाच्या मालकीच्या खुर्च्या असतात त्या चढा-उतरायला आणि अडीअडचणीला, दिवसभर वापरायला नव्हे. आपली खुर्ची आपण न्यायची. खुर्ची रिकामी असताना सीटचं कापड मधोमध धरून वर ओढलं की ती इंचभर आवळते, हीही युक्ती त्यांना शिकवून ठेव.

खोली जमली की जहाज आपलंच. लिफ्ट असतात, जेवणाच्या हॉलला पायऱ्या टाळून जाता येतं, आणि आपल्या तालुक्याच्या कुठल्याही कचेरीपेक्षा तिथे खुर्ची जास्त फिरते. जड जातो तो गालिचा. बोळांतून जाड गालिचे अंथरलेले असतात, आणि त्यावर चाक ढकलणं म्हणजे नुकत्याच डवरलेल्या वावरातून ढकलणं. तुझे खांदे आधीच दुखतात, तेव्हा तिथे अभिमान बाजूला ठेव आणि यजमानांना ढकलू दे. उघड्या डेकवर जायच्या दारांनाही उंबरठे असतात. कुठे उताराची पट्टी असते, कुठे नसते. पहिल्या दिवशी दोघांनी हिंडून कोणतं दार आपलं ते हेरून ठेवा. जेवणाच्या वेळेनंतर लिफ्टला बाजाराच्या दिवसाची गर्दी होते. दहा मिनिटं आधी निघा नाही तर वीस मिनिटं नंतर. आणि थांबलीस की दोन्ही ब्रेक लाव, एक नाही. जहाज डोलतं ते कळत नाही इतकं हळू, पण चाकाला बरोबर कळतं. खोली लिफ्टजवळची, जहाजाच्या मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यावरची मिळाली तर डोलणं सगळ्यात कमी जाणवतं.

तुला पोलिओ आहे, म्हणजे संवेदना शाबूत. माझ्यासारखं दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर अंग उचलून कातडी वाचवायचं काम तुला तेवढं नाही. पण पोलिओच्या पायांना थंडी फार लागते, आणि जहाजात एसी रात्रंदिवस चालू. लोकरीचे मोजे आणि पांघरायला शाल घे. लोक गोव्याला जाताना टोपी घेतात, तू मोजे घे. मळमळीची गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारूनच. काही गोळ्यांनी गुंगी येते, लघवीही अडते, आणि माझ्यासारख्या कॅथेटरवाल्या बाईला ते परवडत नाही. फेब्रुवारीत समुद्र बहुधा शांतच असतो. कापूस विकून हातात पैसे येतात तेव्हाच समुद्रही निवलेला असतो, हा आपल्या वऱ्हाडाचा योग. पावसाळ्यात या किनाऱ्याला जाऊ नकोस.

सामानात एक्स्टेंशन बोर्ड आणि प्रेस घालू नकोस. आगीच्या भीतीने जहाजांवर ते बहुधा चालत नाही, गेटवरच काढून ठेवतात. आपण खेड्यातली माणसं बोर्डाशिवाय घर सोडत नाही, म्हणून सांगितलं.

आता मुंबईपर्यंतचं. खरं तर अवघड तेच. 'शकुंतला' रेल्वे आता धावत नाही, नाही तर दारव्ह्यातूनच मूर्तिजापूरपर्यंत गेली असतीस (आणि दुसऱ्या दिवशी पोहोचली असतीस, ते सोड). मूर्तिजापूर, बडनेरा, धामणगाव ही तुला सोयीची स्टेशनं, पण तिथे गाडी मागून येते आणि मिनिट-दोन मिनिटांत सुटते. त्या दोन मिनिटांत तुला, खुर्चीला आणि पिशव्यांना चढवताना यजमानांचा जीव वर येईल. मी सांगेन, अमरावतीला जा. मुंबईची गाडी तिथूनच सुटते, आधीपासून फलाटाला लागलेली असते. निवांत चढता येतं. उतरायचं मात्र दादरला नाही, थेट शेवटी सीएसएमटीला. तिथे लांबच्या गाड्यांचे फलाट एका टोकाला बंद असतात, त्यामुळे डब्यापासून टॅक्सीपर्यंत ना पूल ना जिना, सपाट. दिव्यांगांचा डबा गाडीच्या टोकाला असतो. तो पुढच्या टोकाला आहे की मागच्या, हे आधी बघून ठेव. मागच्या असला तर अख्खा फलाट पार करावा लागतो.

रेल्वेचं दिव्यांग सवलतीचं ओळखपत्र नसेल तर ते आत्ताच काढायला टाक. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग व्यक्तीला स्लीपर आणि थर्ड एसीत 75 टक्के, सेकंड आणि फर्स्ट एसीत 50 टक्के सवलत असते, आणि सोबत्यालाही तेवढीच. स्लीपरमध्ये दिव्यांगांचा राखीव कोटा असतो, तिकीट त्यातूनच माग.

सीएसएमटीपासून बॅलार्ड पिअर जवळच, दोनेक किलोमीटर. तिथलं नवं क्रूझ टर्मिनल 2025 मध्ये सुरू झालं. टॅक्सीवाल्याला आधी डिकी दाखवायला सांग. मुंबईच्या बऱ्याच टॅक्सींच्या डिकीत सीएनजीची टाकी झोपलेली असते, खुर्ची मावत नाही. मग ती टपावरच्या कॅरिअरला बांधावी लागते. दोरी सोबत ठेव, दोरी कधी वाया जात नाही. आणि जहाजाच्या आदल्या दिवशीच मुंबईत पोहोच. आपली गाडी तीन तास उशिरा येते, हे जहाजाला कोणी सांगायला जात नाही.

जहाजावर चढायची फळी लोखंडी, कठड्याची असते. तिचा उतार भरती-ओहोटीप्रमाणे बदलतो. सकाळी सपाट वाटलेली संध्याकाळी घाटासारखी होऊ शकते. चढताना तोंड पुढे. उतार जास्त असेल तर उतरताना पाठ पुढे, धरणारा माणूस तुझ्या मागे, म्हणजे खालच्या बाजूला. यजमानांना घरच्याच ओट्यावर चार वेळा तालीम करू दे.

राहिली बुडण्याची भीती. ती ठेवच, चांगली असते. 2012 च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आपटून कलंडली, 32 माणसं गेली. त्या दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांची तोवर सुरक्षेची कवायतच झालेली नव्हती. त्यानंतर 2015 पासून नियम बदलला. आता कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच घ्यावी लागते. तेव्हा भोंगा वाजला की "आपल्याला कशाला, पाय तर नाहीत" म्हणून खोलीत बसून राहू नकोस. आगीच्या वेळी लिफ्ट बंद ठेवतात, म्हणजे तुला जिन्याने न्यावं लागणार. हे काम कोण करणार, जिन्यावरून नेण्याची खुर्ची कुठे ठेवलेली असते, तुझं नाव आणि खोली त्यांच्या यादीत आहे का, हे कवायत घेणाऱ्या माणसाला समोर उभं करून विचार. मी दुसऱ्या खेपेला विचारलं. त्याने मला ती खुर्ची काढून दाखवली, पट्टे कसे लावायचे तेही दाखवलं. त्या रात्री मला घरच्यासारखी झोप लागली.

गोव्यात जहाज मुरगावच्या बंदरात धक्क्यालाच लागतं, म्हणजे फळीवरून थेट जमिनीवर. पण सहलीच्या बसला पायऱ्या असतात, तेव्हा आपली स्वतंत्र गाडी ठरवा. वाळूत खुर्ची जात नाही, चाक रुततं. वाळू जिथे संपते तिथल्या चहाच्या टपरीपाशी बसूनही समुद्र तेवढाच दिसतो. पाण्यात पाय घालायची हौस असेल तर यजमानांनी पाठुंगळी घ्यावं. दहा वर्षं झालीत, एवढं तर होईल.

लक्षद्वीपचं मात्र वेगळं, ते कधी मनात आलं तर म्हणून लिहून ठेवते. तिथे जहाज किनाऱ्याला लागत नाही, दूर खोल पाण्यात नांगर टाकतं, आणि माणसं लहान होड्यांत उतरून बेटावर जातात. लाट असली की होडी हातभर वर-खाली होते. व्हीलचेअरवाल्याला नेणं न नेणं त्या वेळच्या समुद्रावर आणि अधिकाऱ्यावर असतं. दुसऱ्या खेपेला आम्ही भावाच्या कुटुंबासोबत गेलो होतो. अगत्तीला त्याने मला नाही म्हटलं, आणि बरोबरच म्हटलं. तरी मला रडू आलं. सगळ्यांना जबरदस्तीने पाठवलं. तासाभराने वर गेले तर अख्ख्या डेकवर मी आणि रेलिंग पुसणारा एक पोरगा. दूर बेटाकडचं पाणी कसलं निळं म्हणावं? संत्र्याच्या झाडांना बोर्डो लावायला आपण मोरचूद भिजवतो ना, त्या ड्रमातल्या पाण्यासारखं. पोराने बोट दाखवलं तिकडे पाण्यातून मासे उडाले, पंख पसरून, गव्हाच्या वावरातून चिमण्यांचा थवा उठावा तसे, आणि पाच-पंचवीस हात जाऊन परत पाण्यात गेले. बेटावर गेलेल्या एकालाही ते दिसले नाहीत. भाऊ अजून म्हणतो, तू थापा मारतेस.

पत्र दुसरं

ताई, आम्ही भंडारा जिल्ह्यातले धानाचे शेतकरी. बाबांचं वय 79. दोन वर्षांपूर्वी लकवा मारला, उजवी बाजू गेली. बोलतात, पण अडखळत. टीव्हीवर जहाज दिसलं की बोट दाखवतात. तीन-चार दिवसांच्या जहाजाचा खर्च आम्हाला झेपणार नाही आणि बाबांनाही झेपणार नाही. थोडक्यात काही होईल का?

उत्तर

दादा, होईल. आणि मला विचाराल तर बाबांच्या वयाला तेच बरं.

मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून अलिबागजवळच्या मांडव्याला रो-रो बोट जाते. 2020 च्या मार्चपासून ती चालू आहे. तिच्यात मोटारगाड्या थेट पोटात चढतात. तुम्ही बाबांना घेऊन गाडीतच बसायचं, गाडी उतारावरून आत जाते. ना शिडी ना फळी. तासाभराचा प्रवास. गाडीतून वरच्या मजल्यावर जायला लिफ्ट चालू आहे का, एवढं निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा. आणि 'आहे' म्हणाले तर 'चालू आहे का' असं दुसऱ्यांदा विचारा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

तो तासही लांब वाटत असेल आणि कोकणात कोणी सोयरे असतील, तर दाभोळहून धोपाव्याला फेरीबोट आहे. सपाट तळाची, तोंडाशी फळी पाडणारी. एसटी, ट्रॅक्टर, दुचाकी, कोंबड्या, सगळं तिच्यात चढतं. वाशिष्ठीच्या खाडीतला थोड्या मिनिटांचा प्रवास, पण समुद्राचा वास येतो, भोंगा वाजतो, इंजिनाची थरथर पाठीला लागते. बाबांच्या बाजूची काच खाली करा.

लकव्याच्या माणसाचं एक लक्षात ठेवा. ज्या बाजूला जोर आहे त्या बाजूने गाडीत बसवायचं आणि उतरवायचं. तुमच्या बाबांची डावी. गेलेला हात काखेत धरून ओढू नका, खांदा निखळतो. चारजण हौसेने धावून येतील, "धरा, उचला" करतील. एकालाच धरू द्या, बाकीच्यांना पिशव्या धरायला द्या, म्हणजे त्यांचंही मन राहतं. बोलायला अडखळतात म्हणता, तर त्यांच्या खिशात नाव, तुमचा फोन नंबर आणि गोळ्यांची नावं लिहिलेली चिठ्ठी ठेवा. पाणी गिळताना ठसका लागत असेल तर बोटीत पाजू नका, धक्क्यावर उतरून पाजा.

रोवणी आणि कापणी यांच्या मधल्या रिकाम्या दिवसांत जाऊ म्हणाल, तर तेव्हा पाऊस असतो. धान घरात आल्यावर जा.

पत्र तिसरं

मावशी, मी 19 वर्षांचा, अचलपूरकडचा. स्नायूंच्या आजारामुळे बॅटरीची खुर्ची वापरतो. सिंगापूरचा मामा म्हणतो, तिथून जहाजाने पेनांग-फुकेत फिरवून आणतो. बॅटरी विमानात नेऊ देतात का? जहाजात चार्ज होते का?

उत्तर

मामा चांगला आहे, त्याला जपून ठेव.

विमानाचं असं. बॅटरी कोणती ते आधी बघ, जेल की लिथियम. लिथियम असून काढता येण्यासारखी असेल, तर ती काढून तुझ्यासोबत केबिनमध्ये न्यायची, आणि तिची क्षमता 300 वॉट-तासांच्या आत हवी. हा आकडा बॅटरीवर छापलेला असतो. नसेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर-तास, एवढं गणित तुला येतं. त्या छापील पट्टीचा फोटो आणि खुर्चीचं माहितीपत्रक मोबाइलमध्ये ठेव. विमान कंपनीला निदान 48 तास आधी कळव, आणि मदतीचे पैसे कोणी मागितले तर देऊ नकोस. दिव्यांग प्रवाशाला ती मदत मोफतच द्यायची असते. खुर्ची सामानात देण्याआधी जॉयस्टिक काढता येत असेल तर काढून पिशवीत घे, नाही तर फेसाच्या कापडात गुंडाळ. सुट्या वायरी चिकटपट्टीने बांध, आणि 'इथे धरून उचला, इथे धरू नका' अशी इंग्रजी चिठ्ठी खुर्चीलाच चिकटव. खुर्ची विमानात चढवणारा माणूस तुला भेटत नाही, चिठ्ठीच भेटते.

जहाजात चार्ज होते, पण खोलीतच. खुर्ची बोळात उभी करू देत नाहीत, कारण संकटाच्या वेळी ती वाट मोकळी लागते. म्हणून दाराचा आकडा तुला पहिल्या पत्रातल्या ताईपेक्षाही जास्त महत्त्वाचा. तुझी खुर्ची मिटत नाही, आवळत नाही. ती आत गेली नाही तर राहणार कुठे? सॉकेट पलंगापासून किती दूर आहे तेही विचार.

पेनांगला जहाज धक्क्याला लागतं. फुकेतला बऱ्याचदा समुद्रातच उभं राहतं आणि लहान बोटीने न्यावं लागतं. तुझी खुर्ची माणसासकट दीडशे किलोच्या पुढे जाईल. ती त्या बोटीत कोणी चढवणार नाही, आणि चढवतो म्हणाले तर तूच नको म्हण. मामाला सांगून सिंगापुरात हलकी, मिटणारी, हाताने ढकलायची खुर्ची भाड्याने घे आणि तीही जहाजात ने. त्या खुर्चीत तुझी पाठ आणि मान धरून राहते का, हे मात्र इथेच, दवाखान्यातल्या खुर्चीवर दोन तास बसून बघ. मान झुकत असेल तर फुकेतच्या दिवशी जहाजातच थांब, आणि मामालाही थांबव.

रात्री श्वासाचं मशीन लागतं का, ते पत्रात लिहिलेलं नाहीस. लागत असेल तर बुकिंगच्या वेळीच कंपनीला सांग आणि मला परत लिही, त्याचं उत्तर वेगळं आहे.